मुठेखालून कसब्याकडे : पुण्यातील जुळ्या मेट्रो बोगद्याचा प्रकरण अभ्यास

पुणे मेट्रोची पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका कृषी महाविद्यालयाच्या आवारात जमिनीखाली शिरते आणि तिथून स्वारगेटपर्यंत सुमारे सहा किलोमीटर भुयारातूनच धावते. या टप्प्यात शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट अशी पाच स्थानके आहेत. जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन स्वतंत्र बोगदे शेजारीशेजारी खोदले गेले. त्यासाठी आणलेल्या तीन यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी इथल्याच नद्यांची नावे दिली होती. बोगद्यांची खोदाई जून २०२२ मध्ये पूर्ण झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा शेवटचा तुकडा प्रवाशांसाठी खुला झाला.

या साऱ्या लांबीतला जिल्हा न्यायालय ते कसबा पेठ एवढाच भाग मी अभ्यासासाठी निवडला आहे. दोन स्थानकांमधले हे अंतर एक किलोमीटरही भरत नाही, पण बोगद्याच्या अभियंत्याला पडणारे जवळजवळ सगळे प्रश्न तेवढ्यात एकामागून एक उभे राहतात. आधी वाहती नदी लागते. नदी ओलांडली की लगेच शहराची सर्वांत जुनी वस्ती सुरू होते, आणि त्या वस्तीच्या पोटात शतकानुशतके माणसांनीच खणून ठेवलेल्या, आज कोणत्याही नकाशावर नसलेल्या पोकळ्या आहेत. नदी आणि कातळ या गोष्टी मोजता येतात. पेठेखालून बोगदा नेताना खरा घोर असतो तो या विस्मृतीत गेलेल्या पोकळ्यांचा, असे माझे मत आहे. ते कसे बनले, हे पुढच्या विवेचनातून स्पष्ट होईल.

खोली कशावरून ठरली

जिल्हा न्यायालय स्थानकाची खोली ३३.१ मीटर आहे, म्हणजे दहा मजली इमारत जमिनीत उतरवावी एवढी. इतके खाली का जावे लागले, याचे उत्तर स्थानकापेक्षा त्याच्या पुढ्यात असलेल्या नदीत आहे. मुठेच्या तळाखाली पुरेसे जाड कातळाचे छत राखायचे, तर रूळ किती खाली हवेत हे आधी ठरते. मेट्रोच्या गाडीला तीन ते चार टक्क्यांहून अधिक तीव्र चढ सहसा देत नाहीत. तीन टक्क्यांच्या चढावर तीनशे मीटर अंतरात गाडी जेमतेम नऊ मीटर वर येते. नदीच्या काठालगतच स्थानक असेल तर ते उथळ ठेवून लगेच पुढे खोल बुडी मारणे शक्य होत नाही. स्थानकाला नदीच्या खोलीशी जुळवून घ्यावे लागते.

नवा पूल आणि डेंगळे पूल यांच्या परिसरात हे बोगदे पात्राच्या तळाखाली सुमारे १३ मीटरवरून जातात. बोगद्याचा खोदलेला व्यास साधारण ६.६ मीटर धरला, तर डोक्यावर जवळपास दोन व्यासांइतके छत उरते. किमान एक व्यास तरी चांगले छत असावे, असा ढोबळ संकेत या क्षेत्रात पाळला जातो. त्या हिशेबाने ही खोली निर्धास्त म्हणावी अशी आहे.

पेठेतून उन्नत मार्ग नेता आला नसता, कारण खांब उभे करायला रस्तेच तेवढे रुंद नाहीत. रस्ता उघडून वरून खोदायचे आणि नंतर झाकायचे, ही उथळ भुयाराची पद्धत स्थानकांपुरती वापरता येते. अख्खा मार्ग तसा करायचा तर घरांच्या रांगाच्या रांगा पाडाव्या लागल्या असत्या. म्हणून कातळातून, यंत्राने आणि खोलवर, हा एकच पर्याय उरला.

पायाखालचा कातळ

पुण्याची जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची बनलेली आहे. वरून खाली जाताना आधी भराव आणि माती, मग मुरूम, मग झिजलेला दगड आणि त्याखाली अभंग बेसॉल्ट असा क्रम सहसा मिळतो. कसब्यात याच्याही वर आणखी एक थर असतो, तो म्हणजे पांढरीची माती. गावे वसली, पडली, पुन्हा वसली. मातीच्या भिंती विरघळत राहिल्या, राख आणि खापऱ्या साठत गेल्या, आणि त्यातून ही भुसभुशीत, राखाडी जमीन तयार झाली. जुन्या घरांचे जोते पुष्कळदा या मातीवरच टेकलेले असते.

खालचा बेसॉल्ट एकजिनसी असतो, अशी समजूत पुण्यात फार पसरलेली आहे, आणि ती घातक आहे. घट्ट काळा पाषाण एवढा मजबूत असतो की यंत्राच्या पोलादी चकत्या त्यावर झिजतात. त्याच्याच वर किंवा खाली वायूच्या बुडबुड्यांची भोके पांढऱ्या खनिजांनी भरलेला कुहरी बेसॉल्ट असतो. त्याची ताकद बरीच कमी, पण त्याला भेगाही कमी. दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर मात्र कधीकधी तांबड्या बोलचा, म्हणजे चिकणमातीसारख्या लाल थराचा, पट्टा येतो. वेधछिद्रातून, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या अरुंद छिद्रातून, काढलेल्या नमुन्यांची लाकडी पेटी समोर असली की हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. पाषाणाचा नमुना हातभर लांब, गुळगुळीत आणि थंडगार निघतो. बोलचा नमुना विटेच्या रंगाचा, कोरडा असताना बऱ्यापैकी टणक. पण त्याचा लिंबाएवढा तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकला, तर थोड्याच वेळात कडा सुटू लागतात आणि पेल्याच्या तळाशी तांबडा गाळ बसतो. बोगद्याच्या छतात हा पट्टा आला आणि त्याला हवा-पाणी लागले, तर तिथेही हेच घडते. त्यामुळे वेधछिद्रांच्या अहवालात सरासरी ताकद किती यापेक्षा थरांचे सांधे नेमक्या कोणत्या पातळीला आहेत, हे मी आधी पाहतो.

यंत्राच्या तोंडासमोर अर्धा कठीण दगड आणि अर्धा मऊ भाग एकदम आला, तर आणखी पंचाईत होते. फिरणारी चकती मऊ भागातून सुटते आणि दर फेरीला कठीण कडेवर आदळते. चकत्या एका बाजूने सपाट झिजतात, धारव्याचे (बेअरिंगचे) सांधे सैल होतात, आणि यंत्र मऊ बाजूकडे ओढ घेऊ लागते. अशा वेळी पुढच्या कोठीत खोदलेला माल भरून ठेवून, त्याच्या दाबाने समोरची जमीन पेलत, वेग कमी करून पुढे सरकावे लागते.

आधार कोण देतो

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे या मार्गापासून फार दूर नाही. आठव्या शतकाच्या सुमारास अखंड कातळात कोरलेल्या त्या मंडपाच्या छताला ना लोखंड आहे ना काँक्रीट, आणि तरी ते उभे आहे. बोगद्याच्या आधाराचे पहिले तत्त्व तिथे उभ्या उभ्या शिकता येते. जमिनीत पोकळी केली की वरचे वजन पोकळीला वळसा घालून बाजूने खाली उतरते. भोवतालचा कातळ स्वतःच कमान धरतो. अस्तराचे काम ही कमान ढळू न देण्याचे असते. कातळाला सैल व्हायला जितका वेळ आणि जितकी जागा द्यावी, तितका तो अंगावर येतो, आणि मग कितीही जाड अस्तर अपुरे वाटू लागते.

यंत्राने खोदलेल्या बोगद्यात हे अस्तर कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचे असते. त्यांना कामावर सेगमेंटच म्हणतात. भारतातल्या मेट्रो बोगद्यांत आतला व्यास ५.८ मीटर, जाडी २७५ मिलिमीटर आणि म्हणून बाहेरचा व्यास ६.३५ मीटर, ही मापे आता बरीच रुळली आहेत. पाच सेगमेंट आणि शेवटी पाचरीसारखा घुसवायचा एक किल्लीचा तुकडा मिळून एक रिंग होते. रिंगची रुंदी १.४ मीटर धरली, तर तिच्यात सव्वासात घनमीटरांहून थोडे अधिक काँक्रीट बसते आणि वजन साधारण १८ टन भरते. यंत्र एका रिंगेएवढे पुढे जाते, आपल्या शेपटीच्या पोलादी कवचाच्या आडोशाला नवी रिंग जोडते आणि तिच्याच कडेला जॅक टेकवून पुढचा रेटा घेते. माणूस उघड्या कातळाखाली कधी उभाच राहत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

नदीखालच्या भागाचा हिशेब पाहण्यासारखा आहे, कारण त्यात आपली सहजबुद्धी फसते. नदीखाली बोगदा म्हटले की पाण्याच्या दाबाने तो चेपेल, अशी भीती प्रथम मनात येते. बोगद्याच्या मध्यापर्यंत पुराच्या वेळी २५ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आहे, असे धरू. तेवढा दाब चारी बाजूंनी आला तर अस्तरात सुमारे ३ मेगापास्कलचा दाबताण निर्माण होतो, आणि सेगमेंटचे काँक्रीट सहसा ५० मेगापास्कलच्या दर्जाचे असते. म्हणजे चेपण्याची भीती जवळपास नाहीच. उलट प्रश्न तरंगण्याचा आहे. एक मीटर लांबीचा बोगदा ३१.७ टन पाणी बाजूला सारतो आणि त्याच लांबीच्या अस्तराचे वजन मात्र १३ टनांच्या आसपास असते. उरलेले साडेअठरा टन त्याला वर उचलू पाहतात. हा उचल दाबून धरायला पाण्यात बुडालेल्या कातळाचा निदान पावणेदोन-दोन मीटर जाडीचा थर डोक्यावर लागतो, तोही कातळाची आपसातली पकड हिशेबात न घेता. पात्राच्या तळाशी वाळू-गोट्यांचा थर असेल तर तो यात धरायचा नाही, कारण मोठ्या पुरात तो वाहून जाऊ शकतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर मुठेने काय केले, हे पाहिलेल्या शहराने नदीच्या आजच्या तळावर भरवसा ठेवू नये. १३ मीटरच्या छतापुढे ही गरज फारच किरकोळ ठरते, आणि खोल जाण्याचा निर्णय इथे आपली किंमत वसूल करतो.

पाण्याचा खरा त्रास सांध्यांतून होतो. प्रत्येक सेगमेंटच्या चारही कडांना खाचेत रबराची पट्टी बसवलेली असते आणि शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की सांधा बंद होतो. रिंग जोडताना एक तुकडा दहा-बारा मिलिमीटर जरी पुढे-मागे बसला, तरी पट्ट्या समोरासमोर येत नाहीत. जॅकचा रेटा तिरका लागला तर कोपऱ्याचा टवका उडतो आणि नेमकी पट्टीमागची धार जाते. बोगद्यात पुढे कुठे ओल दिसलीच, तर ती बहुतेक वेळा बांधणीच्या त्या अर्ध्या-पाऊण तासातल्या ढिलाईची असते. सेगमेंटमधले बरेचसे लोखंडही जमिनीच्या भारासाठी नसून साच्यातून उचलणे, एकावर एक रचणे आणि जॅकचा रेटा सोसणे यासाठी घातलेले असते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना नवल वाटते.

रिंगेमागची पोकळी

खोदलेला व्यास ६.६ मीटर आणि रिंगचा बाहेरचा व्यास ६.३५ मीटर, म्हणजे भोवती सव्वाशे मिलिमीटरची रिकामी कड राहते. कागदावर ती नगण्य दिसते. पण एका रिंगेमागे तिचे आकारमान साडेतीन घनमीटर भरते, आणि खोदलेल्या क्षेत्रफळाशी तिचे प्रमाण सुमारे सात टक्के येते. बोगद्याच्या वरची जमीन किती खचेल, याचा अंदाज घेताना हाच आकडा कळीचा ठरतो.

भूतंत्र अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, बोगद्यावरची जमीन उलट्या घंटेसारख्या उथळ खळग्याच्या आकारात खचते. बोगद्याचा मध्य २० मीटर खोल असून खोदकामात अर्धा टक्का जमीन जास्तीची आत आली, असे धरले तर मातीत मधोमध सुमारे ७ मिलिमीटर खचणे येते आणि खळग्याचा सर्वांत तीव्र उतार साधारण २४०० मीटरला १ मीटर एवढा असतो. भिंतींना तडे जाऊ द्यायचे नसतील तर ५०० ला १ ही मर्यादा अभियंते वापरतात. तिच्यापेक्षा हे बरेच सौम्य आहे. चांगल्या कातळात प्रत्यक्ष खचणे याहूनही कमी असते, कारण कातळ रिकाम्या कडेवर लगेच कोसळत नाही. आता समजा, भुसभुशीत जमिनीत ती कड भरायचीच राहिली. अर्ध्या टक्क्याच्या जागी सात टक्के जमीन आत येईल आणि ७ मिलिमीटरचे जवळपास १०० मिलिमीटर होतील. एवढ्याने वाड्याचे जोते दुभंगते.

म्हणून यंत्राच्या शेपटीतूनच, यंत्र पुढे सरकत असतानाच, सिमेंट-बेंटोनाइटचे ग्राऊट, म्हणजे पोकळी भरायचे पातळ मिश्रण, या कडेत दाबाने भरत जातात. दुसऱ्या नळीतून सोडियम सिलिकेटचे द्रावण येऊन तोंडाशी त्यात मिसळते आणि काही सेकंदांतच मिश्रणाची खीर थिजून शिरा होतो. इतकी घाई लागते, कारण पातळ ग्राऊटमध्ये नवी रिंग स्वतःच तरंगून वर चढू शकते. चालकाच्या केबिनमध्ये प्रत्येक रिंगेला किती ग्राऊट गेले याची नोंद होते, आणि तिथे दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. साडेतीन घनमीटरांपेक्षा बरेच कमी गेले तर मागे पोकळी राहिली. बरेच जास्त गेले, तर ते कुठेतरी निघून जात आहे. दुसरी नोंद मला नेहमीच अधिक अस्वस्थ करते.

कसब्यातली घरे आणि त्यांखालचे आड

पेठेत यंत्र पोहोचण्याच्या किती तरी आधी घराघरांची पाहणी करावी लागते. भुयारी कामांसाठीच्या अशा पाहण्यांत मी काही वर्षे काढली आहेत. प्रत्येक खोलीचे छायाचित्र घ्यायचे, प्रत्येक भेगेची रुंदी मोजायची आणि भेगेवर प्लास्टरच्या दोन टिकल्यांनी काचेची पातळ पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहायची. भेग जराशी जरी हलली तरी काच तडकते. आज भेगमापक आणि दूरवरून वाचता येणारे उतारमापक आले आहेत, तरी घरमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी रोज पाहता येते ती काचपट्टीच, आणि विश्वासही तिच्यावरच बसतो. भेगांची वर्गवारीही ठरलेली आहे : ०.१ मिलिमीटरपर्यंतची केसभेग सोडून द्यायची, १ मिलिमीटरपर्यंत रंगकामात भागते, ५ मिलिमीटरपर्यंत भरून काढावी लागते, आणि १५ च्या पुढे भिंतीचा तो भाग काढून पुन्हा बांधण्याची वेळ येते.

ही वर्गवारी विटा-सिमेंटच्या घरांसाठी तयार झाली आहे. वाड्याला ती जशीच्या तशी लावू नये. वाड्याचा सांगाडा लाकडी खांब-तुळयांचा असतो, सांधे थोडे हलू शकतात, आणि चार-पाच मिलिमीटरचा फरक तो मुकाट्याने पचवतो. पण खांबांच्या मधली विटा-मातीची भिंत आणि खालचे दगडी जोते यांना तेवढी लवचिकता नसते. शिवाय दीडदोनशे वर्षांत अनेक वाडे आधीच एका अंगाला कललेले असतात, एखाद्या खांबाचा बुंधा वाळवीने पोकळ केलेला असतो, आणि तळमजल्यावरच्या दुकानासाठी मधली भिंत कोणी तरी काढलेली असते. अशा घरात बोगद्यासाठी परवानगीचा आकडा ठरवताना ५०० ला १ न धरता त्याच्या निम्म्याहून कमी धरावा, आणि कलता खांब असेल तर यंत्र येण्याआधी धिरे लावून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो.

एका वाड्यातली गोष्ट इथे नोंदवायला हवी. चौकातून मागे न्हाणीघर होते आणि हाती असलेल्या नकाशावरही तिथे न्हाणीघरच दाखवले होते. मी भिंतीचे माप घेत असताना घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळ, नुसत्या भिंती काय मोजतोस? तू उभा आहेस ना, त्या शहाबादी फरशीखाली आड आहे. नळ आले तेव्हा सासूबाईंनी झाकून टाकला.” मी विचारले, “किती खोल असेल आजी?” त्या म्हणाल्या, “पाच परस तरी सांगायचे.” परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून आलेले खोलीचे जुने माप. फरशीच्या सांध्यातून वजन बांधलेली फीत सोडली. ती नऊ मीटरांच्या पुढे जाऊन पाण्याला लागली.

पाच परसांचा आड आणि त्याच्या कितीतरी खाली बोगदा, मग काळजी कशाची, असे वाटू शकेल. काळजी अशी की बोगद्याच्या डोक्यावर जेवढे छत धरून आपण हिशेब केला, ते आडाच्या तळाखाली प्रत्यक्षात निम्मेच उरलेले असते, आणि आड खणणाऱ्याने पाण्याच्या शोधात नेमकी भेगाळलेली, झिरपणारी जागाच गाठलेली असते. ग्राऊटचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा थोडा जास्तच ठेवावा लागतो; भेगांची वाट मिळाली तर ते ग्राऊट आडात चढते. कूपनलिका तर याहून वाईट. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात त्यांचे पेव फुटले, शहरातही घरोघरी त्या खणल्या गेल्या, आणि त्या साठ-साठ मीटर खोल जातात, म्हणजे थेट बोगद्याच्या पातळीतून आरपार. लोखंडी केसिंग, म्हणजे कूपनलिकेच्या भोकात बसवलेली नळी, यंत्राच्या कापणाऱ्या चकत्यांत अडकते. पुढच्या कोठीतला दाब त्या भोकातून निसटतो आणि समोरची जमीन पेलण्याचा आधार ऐन वेळी नाहीसा होतो. बंद पडलेली कूपनलिका वरून केवळ झाकण लावून सोडलेली असते आणि तिच्यावर पुढे बांधकाम झालेले असते.

पुण्यात जमिनीखाली माणसाने केलेली कामे याहून जुनीही आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणणारा दगडी नळ बांधला गेला. त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवा खेळण्यासाठीचे उभे झरोके, आजही काही ठिकाणी दिसतात. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटच्या खोदकामातही जुने भुयारी पाटबंधारी बांधकाम उघडे पडले होते. हे नळ उथळ आहेत आणि कातळातल्या बोगद्याशी त्यांची सरळ गाठ पडत नाही. स्थानकांसाठी वरून होणाऱ्या खोदाईत मात्र पडते. त्यांच्या खुणा तरी सापडतात. घराघरांतल्या आडांच्या खुणा घरातल्या वृद्ध माणसांच्या आठवणीत असतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. वेधछिद्र शंभर-दोनशे मीटरवर एक घेतले जाते. दीड मीटर व्यासाचा आड त्यात सापडण्याची शक्यता शून्याजवळ. म्हणून पेठेतल्या पाहणीच्या प्रपत्रात “घरात किंवा अंगणात पूर्वी विहीर, आड, हौद, कूपनलिका होती का, कोणी बुजवली, कशाने बुजवली” हा प्रश्न पहिल्या पानावर असावा, आणि तो घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला समोर बसून विचारावा. कोणाच्या घरी दोन वेळा जावे लागले तरी चालेल.

सापडलेला आड मातीने बुजवायचा नसतो. माती खाली बसते आणि वर पुन्हा पोकळी होते. तळाशी खडी टाकून पाण्याला वाट ठेवायची, त्यावर सौम्य ताकदीचे काँक्रीट नळीने तळापासून वर भरत आणायचे आणि वरच्या टोकाशी राहिलेली फट ग्राऊटने बंद करायची. कूपनलिकेचे केसिंग शक्य असेल तर उपसून काढायचे, मगच भरायचे.

यंत्राने न होणारी कामे

स्थानकांसाठी कातळ वरून फोडावा लागतो आणि जुन्या घरांजवळ सुरुंगाचे हादरे फार मोजून द्यावे लागतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाने ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी घालून दिलेली मर्यादा ८ हर्ट्झच्या खालच्या कंपनांना सेकंदाला अवघी २ मिलिमीटर आहे, साध्या घरांसाठी ती ५ आहे. कसब्यात बहुतेक घरे पहिल्याच वर्गात धरावीत.

दोन बोगद्यांना जोडणारे आडवे मार्ग हे मात्र सर्वांत जोखमीचे काम, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आग लागली तर प्रवाशांना एका बोगद्यातून दुसऱ्यात जाता यावे, म्हणून असे मार्ग जास्तीत जास्त २४४ मीटरांवर ठेवण्याचा संकेत आहे. इथे यंत्राचे कवच नसते. बांधलेल्या रिंगेतले सेगमेंट कापून काढावे लागतात. त्याआधी आजूबाजूच्या रिंगांना पोलादी चौकटीने धरावे लागते, कारण तुकडा काढलेली रिंग आता वर्तुळ राहिलेली नसते. मग पुढे लांब छिद्र पाडून पाणी किती येते ते पाहायचे. जास्त येत असेल तर आधी ग्राऊट, नंतर खोदाई. मीटर-दीड मीटर खोदून लगेच शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारायचे, रॉकबोल्ट (कातळ धरून ठेवणारे पोलादी दांडे) ठोकायचे आणि मगच पुढे जायचे. किती बोल्ट, किती जाड शॉटक्रीट, हे बार्टन, लिएन आणि लुंडे यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या क्यू पद्धतीने ठरवता येते. त्यात कातळाच्या भेगांची संख्या, त्यांचा खरखरीतपणा, त्यांतला चिखल आणि पाणी यांना गुण देतात. पुण्यात तांबड्या बोलचा सांधा समोर आला तर केवळ त्या गुणांवर विसंबू नये. बोल उघडा पडल्यावर तासाभरातच शॉटक्रीटखाली गेला पाहिजे.

नोंदी कधी थांबवाव्यात

यंत्र घराखालून जाऊन दोन-तीन आठवडे झाले आणि आकडे स्थिरावले, की नोंदी बंद करण्याची घाई सगळ्यांनाच होते. पेठेत ही घाई करू नये, आणि मुख्य म्हणजे सुरुवातही उशिरा करू नये. काळी माती आणि पांढर उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते; लाकूडही ओल धरते. अनेक वाड्यांतली भेग मे महिन्यात रुंद होते आणि ऑगस्टमध्ये मिटते, बोगदा असो वा नसो. पहिली नोंद जानेवारीत घेतली आणि यंत्र मेमध्ये गेले, तर ऋतूचा दोष बोगद्याच्या माथी येतो. उलट बोगद्याने केलेली हालचाल ऋतूच्या नावावर खपूनही जाते. म्हणून काम सुरू होण्याआधीचे एक पूर्ण वर्ष आणि यंत्र गेल्यानंतरचा एक पूर्ण पावसाळा, एवढ्या काळाच्या नोंदी हातात असाव्यात.

आजींच्या वाड्यातली काचपट्टी मी अशाच एका पावसाळ्यानंतर पाहायला गेलो होतो. तारीख पुसट झाली होती, प्लास्टरच्या एका टिकलीला बुरशी आली होती, काच अखंड होती. न्हाणीघरातल्या फरशीवर, भरलेल्या आडाच्या जागी, जोत्याच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरे मी नकाशात लिहून घेतली आणि त्याची एक प्रत त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवली.